संगीतावरचा मराठी ब्लॉग पोटापाण्याला लावायचा असेल तर

प्रश्न ग्वाल्हेरच्याच एका ताईंचा आहे. थोडक्यात असा: “चार वर्षं शास्त्रीय संगीतावर मराठीत ब्लॉग लिहिते. संगीताची विशारद परीक्षा झाले आहे, नोकरी एका खासगी कंपनीत हिशेबाची. महिन्याला वीसेक हजार वाचनं होतात, कौतुकाच्या मेल येतात, पण हातात काहीच पडत नाही. ॲडसेन्स, म्हणजे गुगलच्या जाहिराती, लावू का? हिंदीत लिहायला लागू का? आणि यावर घर चालणार असेल तर नोकरी कधी सोडू?”

ताई, घर चालेल. पण जाहिरातींवर नाही. तुमच्याकडे येणाऱ्या वाचकांपैकी काही जण एका ठरावीक अडचणीत सापडलेले असतात. ती अडचण सोडवून देण्याचे पैसे घ्या आणि लेख सगळ्यांना फुकट राहू द्या. मी याच गावात, लष्कर भागात बसून, याच विषयावर मराठीत लिहितो आणि ऑनलाइन शिकवतो. बऱ्याच वर्षांपासून घर त्यावरच चालतंय, म्हणून हे एवढ्या खात्रीने सांगतोय.

आधी जाहिरातींचं गणित मांडून टाकू, म्हणजे तो विषय मिटेल. मराठी मजकुरावर हजार वाचनांमागे अर्धा डॉलर मिळतो असं धरा. वीस हजार वाचनांचे महिन्याला दहा डॉलर झाले. गुगल शंभर डॉलर जमल्याशिवाय पैसे पाठवत नाही, म्हणजे पहिली रक्कम खात्यात यायला दहा महिने. दहा डॉलर झाले की पत्ता तपासायला पिनचं पत्र टपालाने येतं, त्याची वाट पाहा ते वेगळंच. आणि एवढ्यासाठी तुमच्या स्वरलिपीच्या मधोमध कर्जाच्या आणि केस वाढवायच्या तेलाच्या जाहिराती उगवणार. तुमच्या विषयाला हे परवडत नाही. तानपुऱ्याच्या किंवा मायक्रोफोनच्या लेखात ॲमेझॉनची लिंक द्यायला हरकत नाही, पण ते सुटे पैसे समजा: वाचकाने लिंक दाबल्यापासून चोवीस तासांत खरेदीला हात घातला तरच कमिशन, आणि तेही थोडं. अशी लिंक असेल तिथे “या खरेदीवर मला कमिशन मिळतं” हे मराठीत आणि वरच लिहा. ग्राहक व्यवहार खात्याने जानेवारी २०२३ मध्ये याबद्दल स्पष्ट सूचना काढल्या आहेत. सूचना नसत्या तरी वाचकाला हे कळायलाच हवं.

आता खरं काम. चार वर्षांच्या सगळ्या मेल आणि लेखांखालचे अभिप्राय एका रविवारी बसून वाचा. कौतुक बाजूला काढा. ते मनाला हवं असतं, पण त्यातून धंद्याला दिशा मिळत नाही. “हे गाणं कोणत्या रागात आहे” असली पत्रंही बाजूला ठेवा, कारण उत्तर मिळालं की तो माणूस गेला. उरतील ती पत्रं नीट पाहा. माझ्याकडे त्यातली सगळ्यात जास्त परीक्षेची असतात, तुमच्याकडेही तशीच निघतील असं मला वाटतं. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, साधारण एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. मध्यमा आणि विशारद या त्यातल्या वरच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांना गाण्यासाठी गुरुजी असतात, पण लेखी परीक्षेची तयारी करून घेणारं बहुतेकांना कुणी नसतं.

एक उदाहरण जवळून दाखवतो. तिलवाडा ताल आपल्या ग्वाल्हेर गायकीतल्या विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, ख्यालाचा खास. सोळा मात्रा, “धा तिरकिट धिं धिं, धा धा तिं तिं, ता तिरकिट धिं धिं, धा धा धिं धिं”. मुलांना हा ठेका तोंडपाठ असतो. पण पेपरात दुगुण, म्हणजे तोच ठेका दुप्पट लयीत, लिहायला आली की गाडी अडते. “तिरकिट”ची चार अक्षरं मुळात एका मात्रेत, दुगुणीत ती अर्ध्या मात्रेत बसवायची. म्हणजे पहिल्या मात्रेत “धातिरकिट”, खाली एकच कंस. कुणी दोन कंस काढतं, कुणी तिरकिटला पूर्ण मात्रा देऊन बसतं आणि शेवटी आवर्तनच, म्हणजे तालाचा पूर्ण फेराच, चुकतं. एकाच आवर्तनाची दुगुण समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, आणायची तर नवव्या मात्रेपासून सुरू करायची आणि चौगुण, म्हणजे चौपट लय, तेराव्यापासून, हे पुस्तकात एका ओळीत असतं. ते का, हे कुणी हाताला धरून सांगितलेलं नसतं. त्यात पुन्हा विष्णु नारायण भातखंडे आणि विष्णु दिगंबर पलुस्कर या दोघांनी घालून दिलेल्या दोन लिप्यांचा घोळ. भातखंडे लिपीत फुलीची खूण समेची, आणि ‘खाली’, म्हणजे टाळी न देता हात बाजूला नेतात ती मात्रा, शून्याने दाखवतात. पलुस्कर लिपीत समेला एक आकडा आणि अधिकचं चिन्ह खालीचं. फुली आणि अधिक हाताने लिहिताना सारखीच दिसतात, आणि सम-खालीची अदलाबदल झाली की त्या उत्तराचे गुण गेलेच.

हे समजावून सांगणारा एक लेख लिहा. लिहिताना लक्षात ठेवा की मोबाइलच्या अरुंद पडद्यावर मात्रांचे रकाने कोलमडतात. म्हणून कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून त्याचा फोटो टाका आणि खाली तेच शब्दांत उलगडा. लेखाच्या शेवटी दोन ओळी: “झुमरा, तिलवाडा, धमार हे ताल लिपीत लिहायचा सराव आठ रविवार करून घेणार आहे. मध्यमा आणि विशारदवाल्यांसाठी. बारा जागा. फी १,५०० रुपये.” बस. बारा जागा भरल्या तर १८,००० रुपये होतात. महिन्याला दहा डॉलरच्या शेजारी हा आकडा ठेवून बघा. महिन्याच्या वीस हजार वाचनांतून फक्त बारा माणसं लागली.

फी लिहिताना हात थरथरतो, हे मला माहीत आहे. आपल्या घरांमधून “विद्या विकायची का” हे वाक्य लहानपणापासून ऐकलेलं असतं. पण पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं ते कुठल्या संस्थानिकाच्या आश्रयावर नव्हे, लोकांच्या पैशावर. त्यांचे गुरू बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, म्हणजे गायकी आपल्याच ग्वाल्हेरची. सर्वसामान्य माणसाने रीतसर पैसे देऊन गाणं शिकावं ही वाट त्यांनी घालून दिली. तेव्हा ताकाला जाऊन भांडं लपवू नका. “फीसाठी संपर्क करा” असं लिहिलं की अर्धे लोक संकोचाने विचारतच नाहीत. रक्कम आकड्यात लिहा. एखादं मूल खरोखर देऊ शकत नसेल तर बारात एक जागा तशी ठेवा, आणि तीही उघडपणे लिहा.

रेकॉर्ड केलेला कोर्स आधी करू नका. हा मोह सगळ्यांना होतो: एकदा करून ठेवू, मग झोपेतही पैसे येतील. दोन बॅच समोर बसवून शिकवल्याशिवाय मुलं नेमकी कुठे अडतात हे तुम्हाला कळणार नाही, आणि ते न कळता केलेला कोर्स कुणी शेवटपर्यंत बघत नाही. बॅचमध्ये येणारे प्रश्न वहीत टिपत चला. तिसऱ्या बॅचपर्यंत त्या वहीतूनच कोर्सचे धडे तयार होतात, तेव्हा रेकॉर्ड करा.

हिंदीत लिहू का, असं विचारलंत. लिहू नका, निदान आत्ता नाही. हिंदीत या विषयावर लिहिणारे खूप आहेत आणि तिथे तुम्ही नव्याने रांगेत शेवटी उभ्या राहाल. मंडळाचं मुख्य कार्यालय मिरजेला, परीक्षार्थींत मराठी मुलं भरपूर, आणि त्यांना शास्त्राचे प्रश्न मराठीत नीट समजावून सांगणारं लिखाण थोडं आहे. आपली मराठी हिंदीच्या वळणाने जाते, पुण्याचे वाचक हसतील, अशी धास्ती ग्वाल्हेरच्या आपल्या बऱ्याच लोकांना असते. हसत नाहीत हो. शुद्धलेखन एकदा कुणाकडून तपासून घ्या आणि बिनधास्त लिहा. हिंदी मुलं शिकायला आली तर वर्गात हिंदी बोलायला तुम्हाला काय अडचण? तो तर आपल्याला या गावाने दिलेला फायदा आहे.

गावाने आणखीही बरंच दिलंय. भातखंड्यांच्या पुढाकाराने १९१८ साली सुरू झालेलं माधव संगीत महाविद्यालय इथलं. २०२३ साली युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हणून आपल्या यादीत घेतलं. डिसेंबरात शहरातल्या हजिरा भागात तानसेनाच्या समाधीपाशी तानसेन समारोहाची सुरुवात शहनाई, इथल्या ढोलीबुवा महाराजांची हरिकथा आणि मिलाद, म्हणजे पैगंबरांचं स्तवन, यांनी होते. त्या सकाळी तिथे जाऊन बसणं पुण्या-नागपूरच्या लिहिणाऱ्याला सहज जमत नाही, तुम्हाला जमतं. असे लेख पैसे आणत नाहीत, विश्वास आणतात: लिहिणारी व्यक्ती खरोखर गाण्याच्या गावात राहते आणि कान देऊन ऐकते, हे वाचकाला दिसतं. समारोहावर दरवर्षी नवं पान काढू नका. एकच पान ठेवा, पत्ता तोच, आणि नोव्हेंबरात त्यात नव्या वर्षाची भर घाला. जुन्या पानाची शोधातली पत त्यामुळे वाढत जाते.

शोधाबद्दल एवढंच. गुगलचं सर्च कन्सोल फुकट आहे, ते आजच जोडा. लोक कोणते शब्द टाइप करून तुमच्यापर्यंत येतात ते त्यात दिसतं. बरेच मराठी वाचक रोमन अक्षरांत टाइप करतात हेही कळेल. जिथे तुमचं पान पुष्कळांना दिसतं पण फारसं कुणी दाबत नाही, तिथलं शीर्षक वाचकाच्या शब्दांत लिहा. “तालांचे लयकारी-विवेचन” नको, “तिलवाडा ताल दुगुण कशी लिहायची” असं लिहा. आणि “यमन रागाची माहिती” छापाच्या लेखांवर आता वेळ घालवू नका. थाट, वादी-संवादी, वेळ ही माहिती गुगल हल्ली स्वतःच वर तयार उत्तरात देऊन टाकतं, खालच्या दुव्यावर यायची कुणाला गरज उरत नाही. यमनमधला निषाद ऐकताना कुठे लक्ष द्यायचं, हे स्वतःच्या आवाजात गाऊन दाखवणारं पान मात्र वाचकाला उघडावंच लागतं.

आता आवाजाबद्दल सविस्तर सांगतो, कारण ऑनलाइन गाणं शिकवणारे सगळ्यात जास्त इथे हरतात आणि त्यांना कारण कळत नाही. झूमसारखी साधनं बोलण्यासाठी बनवलेली आहेत. एकसारखा चालू राहणारा आवाज म्हणजे पंखा किंवा मोटार, असं समजून ती तो कापतात. तानपुरा नेमका तसाच एकसारखा वाजतो. मग होतं काय, तुम्ही तानपुरा लावून बसलेल्या असता आणि पलीकडच्या मुलीला तो एकदा ऐकू येतो, एकदा गायब होतो. तुमचा लांबवलेला षड्जसुद्धा मधेच विरतो. झूमच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये “ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स” असं आहे. ते चालू करा, मीटिंग सुरू झाल्यावर वरच्या कोपऱ्यातलं बटणही दाबा, आणि विद्यार्थ्याकडूनही करून घ्या. विद्यार्थ्याने हेडफोन लावायलाच हवा, नाहीतर तुमचा आवाज त्याच्या स्पीकरमधून माइकमध्ये शिरून परत येतो.

दुसरं, एकत्र गाता येत नाही. आवाज पोहोचायला क्षणाचा काही भाग लागतोच, त्यामुळे दोघांनी एकदम “सा” लावला तरी एक मागे पडतो. तालात गायचं तर बोलायलाच नको. म्हणून तानपुरा आणि तबल्याचं ॲप विद्यार्थ्याच्या बाजूला वाजू द्या, तुम्ही फक्त ऐका. तुमची ओळ तुम्ही गायची, थांबायचं, मग त्याने गायची. पहिला वर्ग पूर्ण यात घालवा, घाई करू नका.

ग्वाल्हेरच्या उन्हाळ्याचंही बघा. मे महिन्यात कूलर लावून रेकॉर्डिंग होत नाही आणि कूलर बंद करून माणूस बसू शकत नाही. कोर्सचं रेकॉर्डिंग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरकायचं, पहाटे, दाराला जाड गोधडी टांगून. वर्ग चालू असताना वीज गेली तर लॅपटॉप चालतो पण राउटर बंद पडतो, तेव्हा राउटरपुरता छोटा यूपीएस घेऊन ठेवा.

परदेशातल्या मराठी मुलांचे पालक तुम्हाला स्वतःहून शोधत येतील. आपल्याकडे रविवारी सकाळी सात वाजता न्यू जर्सीत शनिवारची रात्र असते, हिवाळ्यात साडेआठ आणि उन्हाळ्यात साडेनऊ. लहान मुलांना उन्हाळ्यातली वेळ उशिराची होते, हे आधीच बोलून घ्या. पेपालने पैसे घेता येतात. भारतातले आपापसातले व्यवहार त्यांनी २०२१ मध्ये बंद केले, पण परदेशातून येणारी रक्कम मिळते. त्यांचं शुल्क आणि चलन बदलण्यातली घट लक्षात घेऊन फी ठरवा. देशातल्यांसाठी यूपीआय पुरे. दोन्हीकडे पैसे बॅचच्या आधी, पूर्ण, आणि पावतीसह. पावतीवर किती वर्ग आणि चुकलेल्या वर्गाचं काय, हे छापलेलं असू द्या. बहुतेक रुसवेफुगवे तिथेच टळतात.

कराचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल, तरी दोन गोष्टी या धंद्याच्या म्हणून सांगतो. कला आणि संस्कृतीचं छंद म्हणून घेतलेलं प्रशिक्षण जीएसटीतून वगळलेलं आहे, पण जुलै २०२२ पासून ही सूट शिकवणारी व्यक्ती असेल तरच. लवकर मोठं दिसायच्या नादात कंपनी काढली तर ती सूट हातची जाईल. परीक्षेची लेखी तयारी तिच्यात बसते का, हे सीएला आधी विचारून घ्या. बाकी सेवांना वार्षिक वीस लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. वस्तूंचं मात्र वेगळं. इलेक्ट्रॉनिक तानपुरे विकायचं मनात आलं तर मध्य प्रदेशाबाहेर, म्हणजे तुमच्या बहुतेक वाचकांच्या गावी, पहिला नग पाठवण्याआधीच नोंदणी करावी लागते. म्हणून मी म्हणतो, वस्तूंच्या फंदात पडू नका.

जुन्या बुजुर्गांची रेकॉर्डिंग उचलून ब्लॉगवर टाकू नका. ध्वनिमुद्रणाचा हक्क आपल्याकडे प्रकाशनानंतर साठ वर्षं असतो. भातखंडे १९३६ मध्ये गेले, त्यांच्या लिखाणावरचा हक्क केव्हाच संपला, त्यामुळे त्यांच्या छापील बंदिशी तुम्ही स्वतः गाऊन मोकळेपणाने देऊ शकता. तुमच्याच आवाजातली साधी बंदिश विद्यार्थ्याला जास्त उपयोगी पडते, कारण तिथे थांबून “हे असं का” हे सांगता येतं.

ब्लॉग अजून ब्लॉगस्पॉटच्या फुकट पत्त्यावर असेल तर आधी स्वतःचं डोमेन घ्या. ब्लॉगर जुन्या पत्त्यावर आलेल्यांना आपोआप नव्याकडे पाठवतं, वाचक हरवत नाहीत. आणि वाचकांचे ईमेल पत्ते जमवा, त्यांना विचारून. व्हॉट्सॲपच्या प्रसारण यादीत २५६ माणसं बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर जतन केलाय त्यांनाच निरोप पोहोचतो, एवढं लक्षात ठेवा. विद्यार्थ्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप मात्र काढू नका. त्यात प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, आणि तुमच्याकडे शाळकरी मुली असणार. यादीच वापरा, आणि लहान मुलांसाठी नंबर पालकांचाच घ्या.

नोकरीचं. या धंद्यात पैसा परीक्षेच्या आधीच्या तीन महिन्यांत येतो. जून आणि जानेवारी बहुधा कोरडे जातात. ऑक्टोबरचा भरलेला आकडा पाहून राजीनामा देणारे माझ्या पाहण्यात आहेत, आणि जानेवारीत त्यांची फार ओढाताण झाली. तुम्ही दोन्ही सत्रं, म्हणजे पूर्ण वर्ष, नोकरी सांभाळून काढा. रविवार आणि दोन संध्याकाळी एवढं पुरतं. वर्षाची एकूण फी बारांनी भागा, त्यातून इंटरनेट, झूम, डोमेन आणि कर वजा करा. उरलेली रक्कम घरखर्चाला पुरत असेल आणि सहा महिन्यांचा खर्च बँकेत वेगळा असेल तर सोडा. त्याआधी कंपनीत अर्धवेळ काम मिळतंय का ते विचारून बघा, हिशेबाच्या कामात ते बरेचदा जमतं.

नोव्हेंबर-डिसेंबरच्या सत्रासाठी तिलवाड्याचा लेख जुलैअखेर लागला पाहिजे आणि बॅचची सूचना ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. आठ रविवार धरले तर सप्टेंबरच्या सुरुवातीला वर्ग सुरू करा. मधे गणपती येतात, तो एक रविवार आधीच सोडून ठेवा, नाहीतर अर्धी मुलं गैरहजर राहतील.